पालक लक्ष देत नाहीत, म्हणे!

"तुमच्यातल्या पालकांना मुलांचं काही पडलेलंच नसतं हो." बालवाडीच्या पालकसभेत बाईंनी हे मला ऐकवलं. भाचीसाठी कोल्हापूरहून इचलकरंजीला मीच गेलो होतो. तिचे अब्बा रात्रपाळी करून नुकतेच आडवे झाले होते आणि अम्मी, म्हणजे माझी धाकटी बहीण, कांड्या भरायला गेली होती. वहीत शेरा पडला : पालक गैरहजर.

बाईंचा राग मला समजतो. पण निदान चुकलंय.

मागावरची पाळी बारा तासांची. बाप घरी येतो तेव्हा पोरगी निघालेली असते, ती परतते तेव्हा तो झोपलेला असतो. घर एका खोलीचं. मग दिवसभर एकच वाक्य : "गप बैस, अब्बा सोयेत." ज्या वयात लेकरानं अखंड बडबड करायची, हजार प्रश्न विचारायचे, त्या वयात ते कुजबुजायला शिकतं. बालवाडीत तोंड उघडत नाही म्हणून पुन्हा तक्रार येते! याला बापाची बेपर्वाई म्हणायचं? त्याच बापाला तीन खोल्या आणि आठ तासांची नोकरी द्या, मग बोला.

आणि नानी तांदूळ निवडताना खडे मोजायला लावते, दखनीत गोष्टी सांगते, ते शिक्षण नव्हे? पण वहीत त्याला रकानाच नाही.

कायद्यानंही या घरांकडे पाठच फिरवली. 1948 च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सक्ती होती, तीही तीसपेक्षा जास्त बायका असतील तिथं. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत पन्नास कामगारांची अट होती. चार-सहा बायकांच्या शेडमध्ये कुठला पाळणा हलणार? शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची आणि पाळी बारा तासांची.

अंगणवाडी शब्दाचा अर्थही आपण विसरलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासींची मुलं शाळेत येईनात, तेव्हा आईबापांना बोल लावला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली.

कुणी म्हणेल, शाहू महाराजांनी मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावलाच होता की! लावला होता. पण 1917 च्या त्याच हुकुमानं शिक्षण मोफतही केलं. त्याआधी 1906 मध्ये कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढून तिचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं. आपण दंड तेवढा लक्षात ठेवला.

आता थोडं घरातलंही बोलतो, मग आमचीच माणसं रागावली तरी चालेल. रात्रपाळी नसलेले कितीतरी बाप रात्री अकरापर्यंत चौकात चहा पीत बसतात आणि पोरांचं सगळं "वो उसकी माँ देखती" म्हणून मोकळे होतात. त्यांना परिस्थितीची ढाल मिळणार नाही. आणि जमातीचे जे हॉल लग्नांपुरते उघडतात, ते सकाळी दोन तास चिमुरड्यांसाठी उघडायला कुणाची हरकत आहे? सतरंजी आहे, पंखे आहेत. वस्तीत बारावी झालेल्या मुली आहेत, त्यांना मानधन द्या. वलीम्याच्या एका पंगतीच्या खर्चात वर्ष निघेल.

निघताना बाईंना विचारलं, सभा पाळी बदलायच्या वेळी, संध्याकाळी सातला घेता येईल का? त्या म्हणाल्या, "अहो, बालवाडी बाराला बंद होते."