बीडला रेल्वे आली, पण काम उरकायला अर्धाच तास

17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडच्या स्टेशनवरून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला 1995 च्या सुमारास. निवेदनं देता देता अन् रेल रोको करता करता एक पिढी म्हातारी झाली. त्यामुळं त्या दिवशी लोक नुसती गाडी बघायला आले, यात नवल नाही.

आता गाडीचं वेळापत्रक बघा. सुरू करताना जाहीर झालं ते असं: अहिल्यानगरहून सकाळी 6.55 ला निघायचं, बीडला दुपारी 12.30 ला पोचायचं. बीडहून दुपारी 1 ला निघायचं, अहिल्यानगरला संध्याकाळी 6.30. रविवारी गाडी बंद.

आष्टी, कड्याच्या माणसाला कलेक्टर ऑफिसात किंवा जिल्हा परिषदेत काम असलं तर तो या गाडीनं साडेबाराला बीडात उतरणार. परतीची गाडी एकला. अर्ध्या तासात स्टेशनच्या बाहेर पडून रिक्षा मिळाली तरी पुष्कळ झालं. साहेब जेवायला गेलेले असतात ते वेगळंच. बीडच्या माणसाचं उलटं. तो नगरला साडेसहाला पोचतो तेव्हा दवाखान्याची ओपीडी, कोर्ट, बाजार समिती सगळं आटोपलेलं. म्हणजे मुक्काम आला. तिकीट स्वस्त आहे, पण मुक्कामाचा खर्च धरला की एसटी परवडते. त्यात साधारण 167 किलोमीटरला साडेपाच तास, म्हणजे ताशी तीसचा वेग. शिकायला बाहेर राहणारी पोरं रविवारी परत निघतात, नेमकी तेव्हा गाडी नाही.

हे असं का झालं? गाडी एकच आहे आणि रात्री ती नगरला उभी राहते. बीड सध्या शेवटचं स्टेशन, पुढं परळीपर्यंत काम बाकी. गाडी बीडला मुक्कामी ठेवायची तर ड्रायव्हर-गार्डची राहायची सोय, डब्यांची साफसफाई, पाणी हे सगळं इथं लागणार. रेल्वेला ते अवघड नाही, फक्त खर्चाचं आहे. पण गाडी बीडहून पहाटे पाचला निघाली तर साडेदहाला नगर, आणि दुपारी तीन-चारला परत फिरली तर रात्री घरी. वाटेतल्या रायमोहा, अमळनेर, आष्टी, कडा या सगळ्यांचा ओढा नगरकडंच आहे, दवाखान्यालाही अन् बाजारालाही.

खरी भीती पुढं आहे. 2022 मध्ये गाडी आष्टीपर्यंतच होती, तेव्हाही डबे रिकामे धावतात अशी ओरड झाली होती. वेळ गैरसोयीची ठेवायची, माणसं बसली नाहीत की प्रवासी नाहीत म्हणायचं, आणि फेऱ्या वाढवायला नकार द्यायचा. या मार्गाचा निम्मा खर्च राज्य सरकारनं, म्हणजे आपणच उचललाय. खासदारांनी उद्घाटनाच्या फोटोइतकाच जोर वेळ बदलण्यासाठी लावावा. परळीपर्यंत रूळ पोचायची वाट बघण्याची यात काही गरज नाही.