दाद कशाला आणि कोणाला? : चाहत्यांच्या इंग्रजीच्या निमित्ताने

गेल्या काही वर्षांत मराठीच्या चर्चासत्रांतून एक तक्रार ठरावीक सुरात ऐकू येते. नट-नट्या, गायक, रॅपर यांच्यावर जीव टाकणारी महाविद्यालयीन मुले ‘स्ले’, ‘क्वीन’, ‘गोट’, ‘व्हाइब’ अशा चार-दोन इंग्रजी शब्दांवर आपला सारा रसास्वाद भागवितात, सबब मराठी धोक्यात आहे, अशी ही मांडणी असते. उपाय म्हणून पर्यायी शब्दांची यादी सुचविली जाते आणि अध्यक्षीय समारोप होतो. प्रस्तुत लेखक जालना जिल्ह्यात मराठी शिकवितो. मंठा, परतूर, घनसावंगीकडून येणाऱ्या मुलांच्या तोंडी हे शब्द रोज ऐकतो. त्यांच्या अतिवापराचा वीट त्यालाही आला आहे. तथापि या तक्रारीतील निदान मुळातच चुकले आहे, असे त्याचे मत आहे.

दाद देण्याची भाषा बहुधा उसनीच असते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि संगीत नाटकाच्या पुढील वाटचालीत ‘वन्स मोअर’ मराठी प्रेक्षकाच्या तोंडी पक्का बसला. गंमत अशी की, खुद्द इंग्रज प्रेक्षक अशा वेळी ‘आंकोर’ हा फ्रेंच शब्द ओरडतो, तर फ्रेंच प्रेक्षक ‘बिस’ हा लॅटिन. मराठवाड्याची वाट थोडी निराळी. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या या मुलखाला मुशायऱ्यातील ‘मुकर्रर’ परिचयाचा. त्याचाही अर्थ ‘पुन्हा एकदा’ असाच. ‘स्ले’ ऐकून ज्यांच्या कपाळावर आठी चढते त्यांना हे दोन शब्द मात्र सांस्कृतिक वारसा वाटतात.

शिवाय ज्या इंग्रजीला आपण सरसकट साम्राज्यवादी ठरवितो ती नेमकी कोणाची इंग्रजी? ‘स्ले’, ‘शेड’, ‘रीड’ यांचे आजचे अर्थ ज्या ‘बॉल’ नामक स्पर्धांतून घडले वा पसरले, त्या न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात भरत. तेथे येणारे कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाचे समलिंगी आणि पारलिंगी तरुण. त्यांतील अनेकांना घरानेही दार बंद केलेले. जेनी लिव्हिंग्स्टन यांच्या ‘पॅरिस इज बर्निंग’ (१९९०) या माहितीपटात हे जग पाहावयास मिळते. तेथे परीक्षक बसत, गुण देत. ‘रीड’ करणे म्हणजे प्रतिस्पर्ध्यातील वैगुण्य नेमके हेरून शब्दांत पकडणे. ‘शेड’ म्हणजे तेच न बोलता जाणवून देणे. वाच्य आणि व्यंग्य हा भेद आपण आनंदवर्धनाच्या आधारे वर्गात शिकवितो. तो या वंचितांनी स्वतःच्या गरजेतून उभा केला होता. कलगी-तुऱ्याच्या फडातील सवाल-जवाब ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही परंपरा परकी वाटू नये. ही एक समीक्षेची परिभाषा होती! दूरचित्रवाणीने, पुढे जाहिरातींनी ती उचलली तेव्हा परीक्षक गळाले, गुण गळाले, वैगुण्य दाखविण्याचा भाग गळाला. उरला तो निव्वळ जयजयकार.

इतर शब्दांचीही हीच गत. ‘सर्वकालीन सर्वश्रेष्ठ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे ‘गोट’. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांच्या पत्नी लॉनी अली यांनी १९९२ मध्ये त्याच नावाची कंपनी नोंदविली, आणि २००० मध्ये एलएल कूल जे या रॅपरने तेच नाव आपल्या अल्बमला दिले. ‘स्टॅन’ तर एमिनेमच्या २००० सालच्या गाण्यातील चाहता. वेडापायी स्वतःसह गर्भवती प्रेयसीचा जीव घेणारा. पुढच्याच वर्षी नॅस या रॅपरने तो शब्द शिवीसारखा वापरला. आज तो मुले स्वतःविषयी अभिमानाने वापरतात.

तेव्हा या शब्दांत ‘जागतिक तरुणाई’चा मुक्त आविष्कार पाहणारे आमचे काही मित्रही भाबडेच ठरतात. मुलांच्या हाती येतो तो आशय निथळून गेलेला शब्द. आणि जुन्या मालाचीही तीच अवस्था आहे. ‘स्ले’ म्हणजे मूळ अर्थाने ठार करणे. हे रूपक आपल्याकडे नव्हते काय? गझलेतील प्रेयसी ‘कातिल’ होती, मैफलीत ‘मार डाला’ अशी दाद उठे. तोच ‘कातिल’ गौतमी पाटील यांच्या नावाला जोडून अलीकडे गावोगाव ऐकू येतो. शब्द घरचा असूनही तो ‘स्ले’पेक्षा अधिक काही सांगत नाही. पर्यायी शब्दांच्या यादीने काय साधणार, हे यावरून कळावे.

खरा फरक अन्यत्र आहे. ‘मुकर्रर’ म्हटले की शायराला तोच शेर पुन्हा म्हणावा लागतो. ‘वन्स मोअर’ आला की तेच पद पुन्हा, आणि बालगंधर्वांसारखा गायक असेल तर निराळ्या अंगाने. बालगंधर्वांच्या साड्यांचे आणि केशरचनेचे अनुकरण घराघरांत झाले, म्हणजे व्यक्तिपूजा तेव्हाही होती, हे मान्य. वन्स मोअरांनी नाटकाची लय मोडते हा आक्षेपही रास्तच. परंतु ती दाद एका विशिष्ट पदाला, एका जागेला बांधलेली होती. चुकीच्या जागी दाद देणाऱ्याकडे शेजारी वळून पाहत. ‘क्वीन’ वा ‘गोट’ यांना अशी जागाच नाही. गाणे कोणते, त्यातली ओळ कोणती, याची चौकशी त्या शब्दांना करावी लागत नाही, कारण ते कलाकृतीविषयी नसतातच. कृतीकडून व्यक्तीकडे सरकलेली ही दाद आहे, आणि ती कोणत्या भाषेत आहे हा दुय्यम प्रश्न आहे.

या सरकण्याचा दोष मुलांवर टाकताना आपण आपली पाने चाळून पाहिलेली बरी. षष्ट्यब्दीपूर्तीचे गौरवग्रंथ घ्यावेत, पुरस्काराची मानपत्रे घ्यावीत, पुस्तकांच्या पाठराखणी घ्याव्यात. ‘युगप्रवर्तक’, ‘सिद्धहस्त’, ‘मैलाचा दगड’ (हा दगडही इंग्रजांच्याच रस्त्यावरून उचललेला) ही विशेषणे कवीच्या नावापुढे लागतात आणि कवितेची एक ओळही न उलगडता लेख संपतो. एकाचे नाव खोडून दुसऱ्याचे घातले तरी त्यातील बहुतेक लेख तसेच चालतील. मंठ्याच्या मुलाने ‘गोट’ म्हटले की आपण त्याला विचारतो, बाबा, नेमके काय आवडले ते सांग. मानपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाला हा प्रश्न विचारल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.