सिंहाचे छायाचित्र आणि त्याखालची ओळ

शाळांना सुट्टी लागली की आमच्या कुटुंब-पानाकडे मुलांनी काढलेली छायाचित्रे येऊ लागतात. पूर्वी ती पाकिटातून येत, आता पालकांच्या मोबाईलवरून येतात. त्यांत दोन विषय हमखास असतात : समुद्रावरचा सूर्यास्त आणि सिंह. सिंहाच्या चित्राखाली बहुधा एकच ओळ लिहिलेली असते, 'जंगलाचा राजा'.

ही ओळ आम्ही छापत नाही. मुले हिरमुसतात, काही पालकांनी तर रागानेच कारण विचारले. म्हणून या वेळचे सदर त्यासाठी.

भारतात मोकळा सिंह फक्त गुजरातेत, गीरच्या जंगलात आणि त्याच्या आसपासच्या सौराष्ट्राच्या मुलखात आहे. मे २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली. २०२० साली ती ६७४ होती. महाराष्ट्रात मोकळा सिंह एकही नाही. तेव्हा आपल्या राज्यात टिपलेला कोणताही सिंह कुंपणातला असतो. त्याचे मांस ठरलेल्या वेळी येते, त्याला दार कधी उघडायचे हे माणूस ठरवतो. गीरला जाऊन आलेल्यांनीही आपले चित्र कुठले आहे हे एकदा आठवून पाहावे. सासणजवळ देवळिया येथे ४१२ हेक्टर जंगलाला कुंपण घालून सफारी केली आहे. तिथला सिंह गीरचाच, पण कुंपणाच्या आतला.

मुंबईकरांचा सिंह म्हणजे बोरिवलीचा. कान्हेरीची लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच असल्यामुळे लेणी पाहायला गेलेली आपली कुटुंबे मुलांच्या हट्टाखातर सिंहाची सफारीही करून येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून सिंहाची एक जोडी इथे आणली गेली आणि बदल्यात बोरिवलीचे दोन वाघ तिकडे गेले. राजांची अशी अदलाबदल होत नसते, एवढे तरी मान्य व्हावे.

असे असले तरी बंदिवासातल्या सिंहाचे छायाचित्र काढू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. चांगले काढावे. सफारीच्या बसच्या खिडकीला जाळी असते, तिचीच सर्वांना अडचण वाटते. कॅमेरा जाळीच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा. मोबाईलचे भिंग लहान असल्यामुळे ते जाळीच्या एका घरात मावते. मात्र हात किंवा मोबाईल बाहेर काढायचा नाही. जाळीवर ऊन पडले की ती चमकते आणि चित्रावर पांढुरका पडदा येतो, म्हणून सावलीतली खिडकी धरावी. फ्लॅश बंद ठेवावा. त्याचा उजेड जाळीवर आपटून आपल्याकडेच परततो. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांनी भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे, लांबचे भिंग लावावे आणि नेम सिंहाच्या डोळ्यावर धरावा. सिंह जाळीपासून दूर असेल तर जाळी जवळजवळ नाहीशी होते. शक्यतो सकाळची फेरी घ्यावी. सिंह दिवसाचे वीस तासांपर्यंत लोळत असतो, दुपारी तर तो मानही वर करत नाही. मग बसमधली माणसे ओरडतात, शिट्ट्या मारतात, पत्रा बडवतात. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला त्रास देणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे अशा वेळी शेजारच्याला सांगायला हरकत नाही.

घरी येऊन चित्र मोठे करून मुलांसह पाहावे. आशियाई सिंहाच्या पोटाखाली कातडीची एक लांब घडी लोंबते. त्याची आयाळ आफ्रिकी सिंहाच्या मानाने विरळ, त्यामुळे कान बहुधा दिसतात. हे सर्व चित्रात सापडते. आणखी एक गोष्ट सापडते, ती पाहताना जीव थोडा कळवळतो. सिंह चालत असेल तर त्याच्या पायाखालची जमीन बघावी. कुंपणाच्या कडेने गवत मरून पाऊलवाट पडलेली असेल, तर ज्या चालीला आपण 'राजाची डौलदार चाल' म्हणतो ती त्याच त्या जागेतली येरझार असू शकते. जंगलात ज्यांचा वावर दूरवर असतो ते मांसभक्षक प्राणी बंदिवासात जास्त येरझारा घालतात, असे २००३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधिकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले. कॅमेऱ्याला ही येरझार दिसत नाही. तो एक पाऊल टिपतो आणि ते पाऊल सुंदरच दिसते.

आमच्या पिढीने सिंह प्रथम पाहिला तो सर्कशीत, स्टुलावर बसलेला. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल व माकड यांचे खेळ बंद झाले. सर्कसवाले न्यायालयात गेले. १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. सुटका झालेले सिंह बन्नेरघट्टा, विशाखापट्टणम, तिरुपती अशा ठिकाणच्या बचाव केंद्रांत गेले. त्यांतले बरेच आफ्रिकी आणि आशियाई रक्ताच्या सरमिसळीतून झालेले, म्हणून त्यांची वीण वाढू दिली नाही. म्हातारपण कुंपणात काढायचे आणि संपायचे. अशा सिंहाचे चित्र कुणी काढले, तर 'जंगलाचा राजा' ही ओळ त्याची थट्टाच होईल.

परदेशातही निवारे आहेत. इंग्लंडच्या केंट परगण्यात स्मार्डनजवळ 'बिग कॅट सँक्च्युअरी' आहे. ती प्राणिसंग्रहालयासारखी रोज उघडी नसते. ठरवून जावे लागते आणि छायाचित्रकारांसाठी खास दिवस ठेवलेले असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे युक्रेनहून युना नावाची सिंहीण आली. क्षेपणास्त्राचे अवशेष जवळ पडून झालेल्या स्फोटाच्या धक्क्याने तिला धड चालता येत नव्हते. युनाच्या चित्राखाली तिची खरी हकीगत लिहिली की माणूस ते चित्र दोनदा पाहतो.

याउलट काही वाचकांकडून येणारी सहलीची छायाचित्रे. बाळाला सिंहाचा छावा मांडीवर दिलेला, सगळे हसताहेत. हा छावा मांडीवर येण्यासाठी आईपासून लवकर तोडलेला असतो. काही महिन्यांत तो अंगाखांद्यावर घेण्याजोगा राहत नाही, मग त्याचे काय होते? दक्षिण आफ्रिकेत तीनशेहून अधिक ठिकाणी मिळून सुमारे आठ हजार सिंह असे पाळलेले आहेत. लहानपणी पर्यटकांच्या मांडीवर आणि मोठेपणी कुंपणात शिकाऱ्यासमोर, असा तिथला व्यापार 'ब्लड लायन्स' या २०१५ च्या माहितीपटाने जगापुढे मांडला. हाडे वेगळी विकली जातात. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून लोकांना छावे हाताळू देणे बंद केले. आपण त्या छायाचित्रासाठी दिलेले पैसे पुढच्या छाव्याला आईपासून तोडायला उपयोगी पडतात, हे आपल्या भगिनींनी तिकीट काढण्यापूर्वीच घरात बोलून घ्यावे. तिथे गेल्यावर मूल रडते आणि मग कुणाला नाही म्हणवत नाही.

चित्राखालच्या ओळीला इतके महत्त्व कशाला, असे एका पालकांनी विचारले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली पहिला आलेला, रात्री फाटकावरून उडी घेणारा लांडगा त्यांना आठवत असेल. तो पाळलेला, शिकवलेला लांडगा असावा असे परीक्षकांचे मत झाले आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतले गेले. छायाचित्रकाराने ते नाकारले. चित्र मात्र होते तेवढेच देखणे राहिले.

आमच्या ओळखीची एक आठवीतली मुलगी आहे. तिने बोरिवलीला काढलेल्या चित्रात जाळी स्पष्ट आली आहे आणि तिच्या एका घरात नेमका सिंहाचा डोळा. वडील म्हणाले, जाळीने घाण झाली, मोबाईलमध्ये ती पुसता येते, पुसून शाळेच्या स्पर्धेला देऊ. मुलगी म्हणाली, मग तो कुठे आहे ते कसे कळेल? बाप-लेकीचा तो वाद आमच्यासमोर झाला. आम्ही मुलीच्या बाजूने बोललो आणि वडिलांचा चहा थोडा कडू झाला. चित्र जाळीसकट गेले. स्पर्धेचा निकाल अजून लागायचा आहे.

तर बालवाचकांनी यापुढे सिंहाचे चित्र पाठवताना ठिकाण, दिनांक आणि प्राणी मोकळा होता की कुंपणात, एवढे लिहावे. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून सिंहाचे नाव व वय कळले तर तेही कळवावे; आम्ही आनंदाने छापू. छावा मांडीवर घेतलेली चित्रे कृपया पाठवू नयेत. झोपलेला सिंह चालेल.