पिशवी तीन किलोची, नौका 35,000 टनांची

मुलांनो, समजा तुमच्या बाईंनी सांगितलं, "उद्या सहलीला प्रत्येकाची पिशवी फक्त तीन किलोची!" काय काय घ्याल? छत्री घेतली तर चेंडू राहतो, चेंडू घेतला तर खाऊ कमी होतो. युद्धनौका बांधणाऱ्या इंजिनिअरांवर एकदा अगदी अशीच वेळ आली होती बरं का!

पहिलं महायुद्ध 1918 मध्ये थांबलं. तरी बलाढ्य देशांची मोठमोठ्या नौका बांधण्याची चढाओढ काही थांबेना. खर्च तर परवडत नव्हता. म्हणून 1922 मध्ये वॉशिंग्टनला ब्रिटन, अमेरिका, जपान, फ्रान्स आणि इटली यांनी करार केला. नवी मोठी युद्धनौका 35,000 टनांहून जड नको आणि तिच्या तोफेचं तोंड 16 इंचांहून रुंद नको. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता, पण भारताच्या नावाने श्रीनिवास शास्त्री यांनी या करारावर सही केली होती.

आता तोफा, चिलखत आणि इंजिन, सगळंच वजनदार. करायचं काय? ब्रिटिशांच्या 'नेल्सन' नौकेवर 16 इंची तोफा होत्या नऊ, आणि त्या सगळ्या पुढच्या भागात! तोफा जवळजवळ ठेवल्या की कमी जागेला जाड चिलखत पुरतं. वेगाला मात्र कात्री लागली.

1930 मध्ये लंडनला आणखी एक करार झाला. त्यात छोट्या नौकांना सूट मिळाली. 2,000 टनांपर्यंतच्या नौका हव्या तेवढ्या बांधा, पण वेग 20 नॉटपेक्षा, म्हणजे ताशी 37 किलोमीटरपेक्षा जास्त नको. पाण्याखालून मारा करणारे टॉर्पेडोही नकोत. आपल्या बदलापूरची लोकलसुद्धा भरधाव सुटली की याहून जोरात पळते! मुंबईत मुख्यालय असलेल्या तेव्हाच्या आरमाराची 'इंडस' ही अशाच छोट्या नौकांपैकी एक. ती 1934 मध्ये इंग्लंडमध्ये पाण्यात उतरली. 1942 मध्ये ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी तिला बुडवलं.

600 टनांखालच्या नौकांना तर काहीच बंधन नव्हतं. जपानने म्हटलं, चला, इवल्याशा नौकेवरच मोठ्या नौकेचा सरंजाम चढवू! 'तोमोझुरू' या नौकेवर त्यांनी तीन तोफा आणि टॉर्पेडोच्या चार नळ्या बसवल्या. 12 मार्च 1934 च्या पहाटे वादळात ती उलटली. 113 पैकी फक्त 13 जण वाचले. करारातला नियम तिने मोडला नव्हता. पण वर जड आणि खाली हलकं असलेलं काहीही पाण्यावर उभं राहत नाही, हा समुद्राचा नियम कोणत्याच सहीने बदलत नाही. त्यानंतर जपानला आपल्या कितीतरी नौका पुन्हा तपासून वरचं वजन उतरवावं लागलं.

हे घरी करून पाहा. साबणाची रिकामी डबी बादलीत तरंगवा. तिच्या तळाशी पाच-सहा खडे ठेवून हळूच हलवा. मग तेच खडे एका काड्यापेटीत भरा, पेटी डबीत उभी ठेवा आणि पुन्हा हलवा. वजन तेवढंच, मग फरक का पडला? (प्रयोग बादलीतच हं! त्यासाठी उल्हास नदीवर जायचं नाही.)

आणि पालकहो, मुलांना उत्तर लगेच सांगू नका. डबी दोन-तीनदा उलटू द्या.