दोन पावसाळ्यांची हमी

घराच्या खिडकीची परीक्षा दुकानात होत नाही; ती आषाढातील झडीत होते. आमच्या किनारपट्टीवरील जुन्या घरांना सागवानी झडपा असत, गोमंतकात तर शिंपल्यांची तावदानेही असत. ती करणारा सुतार गावातलाच असल्यामुळे काम बिघडले तर त्याला तोंड लपविता येत नसे. आज त्या जागी ॲल्युमिनियमच्या व यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या आल्या आहेत. त्या आल्या याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु सुताराच्या शब्दाची जागा हमीपत्र नावाच्या कागदाने घेतली आणि हा कागद ऐन पावसात कितपत टिकतो, हा प्रश्न नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकापुढे उभा आहे.

हिशेब साधा आहे. समजा, ऑक्टोबरात खिडक्या बसल्या आणि हमी एक वर्षाची आहे. जूनमध्ये चौकटीखालून पाणी झिरपू लागते, भिंतीला ओल येते. जुलैत तक्रार करावी, तर ‘पाऊस थांबू द्या, ओल्यात काम होत नाही’ असे उत्तर मिळते. ते अगदीच खोटे नसते. ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही. पाऊस उघडेपर्यंत सप्टेंबर संपतो, माणूस येईपर्यंत दिवाळी येते आणि तोवर मुदत उलटलेली असते. दुरुस्ती झालीच, तरी ती खरी की वरवरची हे दुसऱ्या पावसाळ्याखेरीज कळत नाही. बारा महिन्यांची म्हणून विकलेली हमी प्रत्यक्षात एका पावसाळ्यालाही पुरत नाही, ती अशी.

यात भर पडते टोलवाटोलवीची. खिडकी ही घड्याळासारखी बंद पेटीतून येणारी वस्तू नव्हे. चौकटीच्या पट्ट्या एका कंपनीच्या, काच दुसरीची, चाके व कड्या तिसरीच्या, जोडणी स्थानिक कारखानदाराची आणि भिंतीत बसविणारा कारागीर आणखी वेगळाच. खालच्या पट्टीतील पाणी बाहेर जाण्याची भोके सिमेंटने बुजली, बाहेरच्या कठड्याला उतार राहिला नाही, किंवा खाऱ्या वाऱ्याने लोखंडी स्क्रू गंजले, की कंपनी कारागिराकडे बोट दाखविते आणि कारागीर गवंड्याकडे. जाहिरातीत मिरविलेली दहा वर्षांची हमी बारीक अक्षरांत वाचावी, तर ती पुष्कळदा पट्टीच्या रंगापुरतीच निघते. घरमालकाने पैसे मोजले ते पाणी आत न येणाऱ्या खिडकीसाठी. त्याला हमी मिळाली ती रंगाची!

कायद्याची स्थिती मात्र एवढी केविलवाणी नाही. वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाला ती योग्य असली पाहिजे, हे गर्भित बंधन 1930 च्या मालविक्री कायद्यातच आहे. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, 1986 मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला आणि त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा जुलै 2020 मध्ये अमलात आला. या कायद्याने ‘दोषा’ची जी व्याख्या केली आहे, तीत लेखी कराराबरोबर गर्भित कराराचाही समावेश आहे. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे, भरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. घर बांधकाम व्यावसायिकाकडून घेतले असेल, तर 2016 चा रेरा कायदा अधिक स्पष्ट आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील वा कारागिरीतील दोष दाखविला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करणे विकासकावर बंधनकारक आहे.

2019 च्या कायद्यातील सर्वांत मोलाची सुधारणा कोणती, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांना समुद्रापासून शेकडो मैल दूर नेऊ इच्छितो. जामसांवली हे सौंसर तालुक्यातील गाव निद्रिस्त हनुमानाच्या मंदिरामुळे महाराष्ट्रातही परिचित आहे. पूर्वी छिंदवाड्यात असलेला हा मुलूख ऑक्टोबर 2023 पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. घरची बोली मराठी, मोठी बाजारपेठ नागपूरची, राज्य मात्र मध्यप्रदेश. येथील एखाद्या संत्राबागायतदाराने नागपुरातून खिडक्या आणल्या आणि त्या गळू लागल्या, तर त्याने दाद कोठे मागावी? जुन्या कायद्यात सामान्यतः विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथे जावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बेळगावहून वा कोल्हापूरहून खिडक्या मागविणाऱ्या गोमंतकीयालाही हाच अधिकार आहे. राज्याची सीमा ओलांडली की विक्रेत्याची जबाबदारी संपली, हा समज कायद्याने मोडीत काढला आहे.

तरीही ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण लोकांच्या जिभेवरून उतरलेली नाही आणि तिला सरकारेच जबाबदार आहेत. आयोगांतील रिक्त पदांची दखल सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. तक्रार तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा यत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. बसायला माणसेच नसतील तर यत्न करणार कोण? शिवाय तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. ‘उद्या माणूस पाठवतो’ या तोंडी आश्वासनांवर विसंबणाऱ्याची ती दोन वर्षे कधी सरली हे त्यालाच कळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. खिडकीची हमी महिन्यांत न मोजता पावसाळ्यांत मोजली जावी आणि ती किमान दोन पावसाळ्यांची असावी. तक्रार नोंदविल्यापासून दुरुस्ती होईपर्यंतचा काळ मुदतीत धरू नये. ज्याने बिल दिले त्यानेच बसविलेल्या संपूर्ण खिडकीची जबाबदारी एकट्याने घ्यावी. कारागिराशी व कंपनीशी त्याने पुढे भांडावे. असा नमुना करार शासनाने तयार करून प्रसिद्ध करावा. ॲल्युमिनियमच्या दारे-खिडक्यांचे भारतीय मानक 1961 सालीच तयार झाले. वस्तूसाठी मानक ठरविता येते, तर वचनासाठी का ठरविता येऊ नये?

ग्राहकानेही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. चार पैसे वाचविण्यासाठी बिलाविना व्यवहार करणारा स्वतःच्याच हाताने आपला पुरावा पुसतो. बिल घ्यावे, हमीपत्र पैसे देण्यापूर्वी वाचावे, गळती दिसताच तारखेसह छायाचित्र काढून लेखी तक्रार पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. गळकी खिडकी ही क्षुल्लक बाब आहे असे कोणी म्हणेल. परंतु आयुष्याची बचत घरात घालणाऱ्या माणसाला दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. तो विचारण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. वापरला नाही तर तोही भिंतीच्या ओलीबरोबर कुजून जाईल.