‘तिकडे असं नसतं’

परदेशातून परतलेला वर्धेकर घरी आला की त्याच्यापुढे गोरसपाक, म्हणजे वर्ध्याचं तुपातलं बिस्कीट, येतो. तो एक तुकडा मोडतो, तुपाचा वास घेतो अन् लगेच सुरू करतो, ‘तिकडे असं नसतं...’ मीही मस्कतहून परतलेलाच, पण हे ऐकवत नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला वाढलेले डॉ. अभय बंग पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीला गेले. तिथं गावातल्याच बायकांना त्यांनी घरोघरी नवजात बाळं तपासायला शिकवलं. परदेश कामी आणायचा तर असा. सगळ्यांना गडचिरोली झेपणार नाही, मान्य. पण निदान परतल्यावर महिनाभर तुलना आवरावी. अन् वर्ध्याच्या उन्हाची तक्रार? ती तर मस्कतवाल्यानं करूच नये.