गोटीसोडा आणि चाळीस टक्के

आपला जुना गोटीसोडा 'गोली पॉप सोडा' हे नवे नाव धारण करून अमेरिका, ब्रिटन, युरोप आणि आखाती देशांत पोहोचला असल्याचे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने २०२५च्या मार्चमध्ये मोठ्या अभिमानाने जाहीर केले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि हाच सोडा देशात ४० टक्क्यांच्या सर्वोच्च टप्प्यात बसविण्यात आला. निर्यातीवर हा कर पडत नाही. म्हणजे बाटली न्यूयॉर्कला गेली तर करमुक्त आणि उल्हासनगरात विकली तर चाळीस टक्के! निर्यात करमुक्त असावी, हे अर्थशास्त्राला धरूनच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो घरच्या दराचा.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील वाचकाला गोटीसोडा समजावून सांगण्याचे कारण नाही. तरीही उल्हासनगरच्या बाजारात केवळ सोडाच विकणाऱ्या एका दुकानात अलीकडे काही वेळ उभे राहून प्रस्तुत लेखकाने जे पाहिले, ते या व्यवसायाचे अर्थकारण कळण्यास उपयोगी आहे. लिंबू, जिरे, आले असे स्वाद, थंडगार पाणी, वायूचे एक सिलिंडर आणि भरलेल्या बाटल्या उलट्यासुलट्या फिरविणारे एक यंत्र, एवढेच काय ते भांडवल. पाणी थंडच लागते; कोमट पाण्यात वायू नीट विरघळत नाही. बाटली उलटी असताना आतला दाब गोटीला मानेतील रबरी कड्यावर घट्ट बसवितो. बूच नाही, पत्र्याचे झाकण नाही. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली पेटंट घेतलेली ही युक्ती तिच्या मायदेशात केव्हाच मागे पडली. आपल्याकडे मात्र टिकली. (मुंबईच्या दंगलींत या बाटल्यांचा जो उपयोग झाला, तो कॉडसाहेबांच्या स्वप्नातही आला नसेल.)

ती टिकली याचे कारण ही बाटली परत येते, हे आहे. गिऱ्हाईक सोडा पितो आणि बाटली दुकानातच राहते. ती धुऊन पुन्हा भरली जाते. म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशात वेष्टनाचा वाटा अत्यल्प, जाहिरातीचा तर जवळजवळ नाहीच. पाणी, वायू, मसाला, मजुरी आणि जागेचे भाडे यांतच सारा हिशेब संपतो आणि नफा त्याच गल्लीत राहतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या या वसाहतीने अशाच अल्प भांडवलाच्या धंद्यांवर आपला संसार उभा केला.

अशा दुकानाला कर कसा भिडतो, ते पाहू. वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल तोवर माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. ती मर्यादा ओलांडली की इतर बहुतेक छोट्या उत्पादकांना दीड कोटीपर्यंत उलाढालीवर एक टक्का भरून मोकळे होण्याची आपसमेळ योजना खुली असते. सोडावाल्याला ती नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून स्वादयुक्त सोड्याचे उत्पादक तीतून वगळण्यात आले. परिणामी एकोणचाळीस लाखांचा दुकानदार शून्यावर आणि एकेचाळीस लाखांचा ४० टक्क्यांच्या दरात! दुसरे यंत्र घ्यावे, बदलापुरात शाखा काढावी, असे ज्याच्या मनात येईल त्याला कायदाच सांगतो की, आहेस तेवढाच राहा. शीतपेयांच्या बहुराष्ट्रीय कंपनीलाही दर तोच. पण तिच्या दृष्टीने तो हिशेबातील एक रकाना आहे.

साखर आरोग्यास घातक, म्हणून कर जबर असावा, असे यावर सांगितले जाते. हेतू योग्यच आहे. पण कराची व्याख्या साखर मोजते कोठे? साखर वा अन्य गोडी घातलेले किंवा नुसता स्वाद दिलेले पेय एकाच टप्प्यात जाते. साध्या, बिनस्वादाच्या सोड्यावरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच बाटलीत साखरेचा कणही न घालता जिरे-मीठ घालून ती विकावी, तर दर चाळीस. जिऱ्याने कोणाला मधुमेह झाल्याचे ऐकिवात नाही. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर कर बसविला तो १०० मिलिलिटरमध्ये साखर किती ग्रॅम आहे ते पाहून, आणि वर्षाला दहा लाख लिटरहून कमी उत्पादन करणाऱ्याला त्यातून सूट दिली. बाटली आपण त्यांच्याकडून घेतली. हा विवेकही घेण्यास हरकत नव्हती.

या दुकानांबाबत सरकारने जेथे कठोर व्हावे, ती जागा वेगळी आहे. कॉडच्या बाटलीची अरुंद मान आणि गोटीमागची खाच धुण्यास अवघड असते, आणि शेवटी सोडा म्हणजे पाणीच. वालधुनी नदीची अवस्था रोज पाहणाऱ्या गावांत ते पाणी कोठून आले, कसे गाळले, हे अन्न निरीक्षकाने वारंवार तपासलेच पाहिजे. त्या तपासणीच्या खर्चापोटी एक टक्का कर द्यावा लागला तर बहुतेक दुकानदार कुरकुरत का होईना, देतील. त्यासाठी २०१९ची ती अधिसूचना बदलावी लागेल. आणि तीसाठी संसदेत कायदा दुरुस्त करावा लागत नाही, वस्तू व सेवा कर परिषदेची शिफारस पुरते.